तहान आणि सोय
प्रौढ माणसाच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असून घामाच्या बाष्पीभवनाने शरीर थंड ठेवणे आणि मूत्रपिंडांवाटे युरियासारखी टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकणे ही कामे त्यावरच चालत असल्यामुळे, विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा वेळोवेळी पाणी पिणे ही जिवाची गरज ठरते. पाणी अपुरे पडल्यास मूत्र दाट होऊन त्यातील क्षारांचे खडे, म्हणजेच मुतखडे, बनू शकतात. वृद्धांमध्ये तहानेची जाणीवच मंदावत असल्याने निर्जलीकरण, म्हणजे शरीरातील पाण्याची घट, उशिरा लक्षात येते. मात्र शेतात वा बाजारात शौचालयाची सोय नसल्यामुळे ज्या स्त्रिया जाणूनबुजून कमी पाणी पितात, त्यांना उपदेश पुरत नाही. पाणपोईइतकेच स्वच्छ शौचालयही त्यांच्या आरोग्यासाठी आवश्यक आहे, हे स्थानिक स्वराज्य संस्थांनी उन्हाळ्याच्या नियोजनातच मान्य करायला हवे.