संगणकाच्या दिनदर्शिकेत महाराष्ट्र कोठे आहे?

गोष्ट २०२५च्या दिवाळीची आहे. केंद्र सरकारच्या यादीत दिवाळीची सुट्टी २० ऑक्टोबरला होती. महाराष्ट्र शासनाने लक्ष्मीपूजनाची सार्वजनिक सुट्टी २१ ऑक्टोबरला आणि बलिप्रतिपदेची २२ ऑक्टोबरला दिली होती. अमावास्या २०च्या दुपारी लागून २१च्या सायंकाळी संपत होती. त्यामुळे दोन्ही निर्णयांमागे पंचांगाचा आधार होता. पुण्यातील माझ्या परिचयाच्या एका तरुण अभियंत्याला मात्र २१ तारखेला, घरात पूजेची मांडणी झालेली असताना, परदेशी ग्राहकाबरोबरच्या बैठकीसाठी संगणकापुढे बसावे लागले. बैठक ठरविणाऱ्याने कसलीही अरेरावी केली नव्हती. त्याच्या पडद्यावर ‘भारत’ या नावाखाली दिवाळी आदल्याच दिवशी उरकली होती. ‘‘तुम्ही सांगितले का नाही?’’ असे विचारल्यावर तो तरुण म्हणाला, ‘‘सिस्टीममध्ये सुट्टी दिसतच नाही, मग कोणत्या तोंडाने मागू?’’

या उत्तराने मला अस्वस्थ केले. राज्य शासनाने राजपत्रात छापलेली सुट्टी खरी ठरत नाही आणि कोणीतरी कोठेतरी भरलेली यादी प्रमाण मानली जाते, हे कशाचे लक्षण?

बहुतेक प्रचलित दिनदर्शिका-प्रणालींमध्ये आपल्या खंडप्राय देशासाठी एकच यादी असते. त्या यादीत बिहू, ओणम, पोंगल, छठपूजा, गुढीपाडवा सारे एका रांगेत येते. वरवर पाहता हा मोठा सन्मान वाटतो. प्रत्यक्षात त्यातील कोणत्या दिवशी कोणत्या राज्यातील बँक, शाळा आणि कचेरी बंद असेल, हे त्यावरून कळत नाही. सर्वांचे सण सर्वांना दाखविले, की कोणाचीच सुट्टी मानण्याचे बंधन उरत नाही.

ब्रिटिशांनी केलेल्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ या कायद्याचे कलम २५ आजही सार्वजनिक सुट्ट्यांचा आधार आहे. केंद्राने सोपविलेल्या अधिकारान्वये त्याखाली राज्ये आपापली यादी काढतात. देशभर सारख्या अशा राष्ट्रीय सुट्ट्या तीनच : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. बाकी सारे राज्याराज्यांनुसार बदलते, कधी जिल्ह्यानुसारही बदलते. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आल्याने ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यांत ५ ऐवजी ८ सप्टेंबरला देण्यात आली. उर्वरित महाराष्ट्रात ती ५ सप्टेंबरलाच राहिली. एका राज्यात दोन तारखा, दोन्ही अधिकृत! ‘भारत’ नावाच्या एका यादीत हे कसे मावणार?

अडचण तंत्राची नाही

‘हे फार गुंतागुंतीचे आहे’ असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. जर्मनीत संघराज्याच्या कायद्याने ठरलेली राष्ट्रीय सुट्टी ३ ऑक्टोबरची. इतर सुट्ट्या राज्ये ठरवितात. आउग्सबुर्ग या एका शहराला तर ८ ऑगस्टची स्वतःची वेगळी सुट्टी आहे. मुक्तस्रोत प्रणालींमध्ये जर्मनीच्या राज्यांच्या याद्या स्वतंत्रपणे उपलब्ध आहेत. देशांतर्गत प्रदेशांना आंतरराष्ट्रीय संकेत देण्याची पद्धत १९९८पासून रूढ आहे आणि त्यात महाराष्ट्राला ‘आयएन-एमएच’ हा संकेत आहे. खण तयार आहे. तो नीट भरायला हवा.

उरलेल्या अर्ध्या सत्याला मात्र सामोरे गेले पाहिजे. १ मे दरवर्षी १ मेलाच येतो. यंत्राला एकदा सांगितले की पुरे. गुढीपाडवा तिथीवर चालतो. सूर्योदयाला कोणती तिथी आहे, अधिक मास आहे का, हे पाहिल्यावाचून त्याची इंग्रजी तारीख निघत नाही. संगणकांसाठी जागतिक मानके ठरविणाऱ्या युनिकोडच्या कालगणनांच्या यादीत चंद्र-सूर्य दोघांवर चालणाऱ्या हिब्रू, चिनी आणि कोरियन कालगणना आहेत. भारताच्या नावे तेथे एकच कालगणना आहे, १९५७ साली स्वीकारलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका. तिच्यात तिथीच नाही. मग पाडवा कोठून येणार?

यासाठी परकीयांना शिव्या घालून आपले भागणार नाही. अमान्त की पूर्णिमान्त, दृक्‌प्रत्यय की जुने सिद्धान्त, हे वाद आपण आपसांत मिटविले नाहीत. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली आपला अहवाल दिला. छापील दिनदर्शिकेच्या जगात जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढून तिथी, सण आणि सुट्टी स्वयंपाकघरातील खिळ्यापर्यंत पोहोचविली. साऱ्या जगाची संगणकीय कामे करणारी आमची पिढी ते काम पडद्यावर का नेऊ शकत नाही?

मागणी एवढीच

काही विद्वान म्हणतील, आधीच सुट्ट्या फार. त्यांचे लाड कशाला? त्यांनी लक्षात घ्यावे, की येथे एकही नवी सुट्टी मागितलेली नाही. शासनाने दिलेली सुट्टी दिसावी, एवढेच मागणे आहे. दुसरे म्हणतील, एका राष्ट्राला एकच यादी शोभते. एकात्मतेचा हा अर्थ आम्हांला मान्य नाही. या राष्ट्राचे नववर्ष कोठे चैत्र प्रतिपदेला, कोठे मेष संक्रांतीला, तर गुजरातेत कार्तिक प्रतिपदेला उगवते. त्याने राष्ट्र कधी दुभंगले नाही.

राज्य शासन दरवर्षी सुट्ट्यांची अधिसूचना काढते. तीच यादी जिल्हानिहाय, आणि ऐनवेळी बदल झाल्यास त्या बदलासह, संगणकाला थेट वाचता येईल अशा स्वरूपात त्याच दिवशी प्रसिद्ध करावी. खर्च जवळजवळ शून्य आहे. प्रणाली बनविणाऱ्यांनी ‘सण’ आणि ‘सुट्टी’ या दोन गोष्टी वेगळ्या दाखवाव्यात आणि राज्य निवडण्याची सोय द्यावी. मुक्तस्रोत प्रकल्पांत तिथींवर चालणाऱ्या सणांच्या तारखा वर्षागणिक भराव्या लागतात. त्या भरणे आणि तपासणे हे आपल्या अभियंत्यांना सहज जमण्यासारखे काम आहे.

तोवर प्रत्येकाने एक करावे. डिसेंबरात नव्या वर्षाची अधिसूचना हाती घ्यावी, त्या तारखा स्वतःच्या हाताने आपल्या दिनदर्शिकेत भराव्यात आणि सहकाऱ्यांना, वरिष्ठांना, परदेशी ग्राहकालाही पाठवाव्यात. आपण सांगितले नाही, तर यंत्राला कळणार कसे? आणि पुढच्या लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी समई लागलेली असताना कोणा घरचा मुलगा पुन्हा बैठकीला बसला, तर दोष एकट्या यंत्राच्या माथी मारता येणार नाही.