थोडी टिकटिक असू द्यावी

मोटरसायकल गॅरेजात नेणारा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "टॅपेटचा आवाज येतोय, तेवढा बंद करून द्या." आणि मेकॅनिक तो बंद करून देतो. माझं म्हणणं असं, की ही मागणीच मुळात बरोबर नाही. टॅपेटचा आवाज बंद करायचा नसतो, टॅपेटची फट मोजून बरोबर करायची असते. या दोन्ही गोष्टी एकच असं आपण धरून चालतो, आणि तिथेच इंजिनाचं नुकसान होतं.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, जन्मभर भाषा आणि इतिहास शिकवलेला माणूस. यंत्रातलं मला जे थोडंफार कळतं, ते पंचवीसएक वर्षं एकच शंभर सीसीची गाडी वापरून आणि गॅरेजातल्या बाकड्यावर बसून. तेव्हा मला समजलं तसं, सोप्या शब्दांत सांगतो.

इंजिनाच्या हेडमध्ये झडपा असतात, गॅरेजात त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एकीतून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसरीतून जळलेला धूर सायलेन्सरकडे जातो. रॉकर नावाचा लहानसा दांडा झडपेच्या टोकावर दाब देतो की ती उघडते, दाब सुटला की स्प्रिंग तिला बंद करते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे प्रत्येक झडप एकदा उघडते. म्हणजे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर झडप मिनिटाला २००० वेळा उघडते. तासाचा हिशोब केला तर १ लाख २० हजार वेळा!

आता रॉकर आणि झडपेचं टोक यांच्यामध्ये बारीकशी फट मुद्दाम ठेवलेली असते. लहान मोटरसायकलींत ती साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर असते. साधा कागद ०.१ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज करा. ही फट ओलांडून रॉकर टोकावर आपटतो, त्याचीच ती टिकटिक. फट कशासाठी? तर धातू तापला की वाढतो. धूर बाहेर सोडणारी झडप तर फारच तापते. तिची बरीचशी उष्णता उतरते ती बंद असताना, सीटवर घट्ट टेकल्यामुळे. फटच ठेवली नाही, तर तापून लांब झालेली झडप पुरती टेकत नाही. ती थंड होत नाही, राहिलेल्या चिरेतून पेटता वायू निसटत राहतो आणि हळूहळू तिची कड जळून जाते.

म्हणून फार मोकळी फट वाईट तशी फार घट्टही वाईट, पण दोन्हींचं वाईटपण सारखं नाही. फट मोकळी झाली तर इंजिन खडखडतं, झडप कमी उघडते, ओढ थोडी कमी होते. पण गाडी निदान ओरडून सांगते. फट घट्ट झाली तर इंजिन गप्प होतं, आणि मालक खूश होतो. आतल्या आत काय चाललंय हे कळेपर्यंत हेड उघडायची वेळ आलेली असते.

माझ्या पुतण्याच्या गाडीचं हेच झालं. एका गॅरेजात त्याने टॅपेट अगदी शांत करून घेतले. "काका, बघा, आता आवाज म्हणून नाही!" चार महिन्यांनी गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरू लागली, चढावर दम सोडू लागली. माझा एक जुना विद्यार्थी बसस्टँडमागे गॅरेज चालवतो, त्याच्याकडे नेली. त्याने हेड उतरवून झडप माझ्या हातात ठेवली. तिची कड एका बाजूला उंदराने कुरतडावी तशी झाली होती. मी म्हटलं, "अरे, पण असं करतात तरी का?" तो म्हणाला, "सर, गिऱ्हाइकाला आवाज ऐकू येतो, फट दिसत नाही. आवाज राहिला तर तो म्हणतो, काम झालंच नाही."

हे मला पटलं. दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. हे काम इंजिन पूर्ण गार असताना करायचं असतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वरच्या टोकाशी आणायचा, लॉकनट सैल करायचा, फिलर गेजची पट्टी फटीत सरकवायची. ती किंचित अडत सरकली पाहिजे. मग लॉकनट आवळायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण आवळताना फट हलते. पण आपण येतो गरम गाडी घेऊन, आणि म्हणतो, "लगेच द्या, ऑफिसला जायचंय." मग तो बिचारा कानाने अंदाज घेऊन स्क्रू पिळतो. त्यात टिकटिक वाटणारा आवाज कधी कॅमच्या चेनचा असतो, कधी झिजलेल्या रॉकरचा. तिथे टॅपेट आवळून खरा रोग झाकला जातो, एवढंच.

सीएनजीवर चालणाऱ्या वाहनांना तर हे जास्त लागू. हा वायू कोरडा. मूळ पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात त्याने सीट लवकर झिजते, झडप वर सरकते आणि फट आपोआप कमी होत जाते. म्हणजे आवाज वाढत नाही, उलट घटतो! अशा रिक्षावाल्याने आवाजाची वाट पाहू नये, ठरलेल्या किलोमीटरला फट तपासून घ्यावी. पोटच त्या इंजिनावर चालतं त्याचं.

अनेक मोटारींत आणि काही मोटरसायकलींत तेलाच्या दाबावर फट सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात. तिथे स्क्रू पिळण्याचा प्रश्नच नाही. तिथे आवाज आला तर आधी तेल बघावं.

वर्गातही मला नेहमी हेच वाटत आलं. तपासणीला येणाऱ्या साहेबांना टाचणी पडली तरी ऐकू येईल असा वर्ग आवडायचा. पण तसा वर्ग बहुधा भ्यालेला असतो. शिकणाऱ्या वर्गात थोडी कुजबुज असतेच. तिचा गोंगाट होऊ द्यायचा नाही, हे शिक्षकाचं काम. तिचा गळा आवळणं हे नव्हे.

असो. सांगायचं इतकंच, की पुढच्या वेळी गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात ठेवा. "आवाज बंद करा" म्हणू नका. "सकाळी गार इंजिनावर गेज लावून फट बघा, पुस्तिकेत आहे तेवढीच ठेवा" असं म्हणा. त्या वेळाचे दोन पैसे जास्त मागितले तर घासाघीस न करता द्या. आणि गाडी घेऊन निघाल्यावर बारीक टिकटिक ऐकू आली, तर परत फिरू नका.