तारेची बैठक

घरांतील लहान दुरुस्त्यांविषयीं या सदरांत आम्ही नेहमीं लिहितों. या खेपेची दुरुस्ती बोटभर लांबीच्या एका पट्टीची आहे. पण त्या पट्टीपायीं आमच्या घरांत चार दिवस पंगतीला कोणी मोकळेपणानें बोललें नाहीं, म्हणून ती थोडी विस्तारानेंच सांगावीशी वाटते.

आमच्या दादांचा धाकटा मुलगा धुळ्यास अभियांत्रिकीचें शिक्षण घेतो. खर्चाच्या पैशांतून शिल्लक टाकून दोन वर्षांनीं त्यानें विजेवर वाजणारी एक गिटार घेतली. दादांना ती प्रथमपासूनच पसंत नव्हती. "घरांत तंबोरा आहे, पेटी आहे, त्यांना हात न लावतां हा परदेशी कोलाहल कशाला?" असा त्यांचा सवाल. सुट्टींत मुलगा पारोळें-एरंडोलच्या रस्त्यानें जळगांवीं आला, तेव्हां वाद्य पातळ कापडी पिशवींत होतें. उतरतांना तें माथ्याकडून आपटलें. घरीं येऊन पाहतो तों, तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात ती पांढरी पट्टी तडकलेली, तिचा एक कोपरा निखळलेला, आणि सर्वांत जाड तार खांचेंतून खालीं घसरलेली! आठ दिवसांनीं कॉलेजच्या संमेलनांत त्याला वाजवावयाचें होतें. दादा एवढेंच म्हणाले, "मोडलें ना? बरें झालें. आतां अभ्यास होईल." मुलगा उलट बोलला नाहीं, पण त्या रात्रीं तो जेवलाही नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या आईनें त्याला जवळ बोलाविलें. तिचें वय आज चौऱ्याऐंशी. तिचा मिरजेचा तंबोरा देवघराशेजारच्या कोपऱ्यांत गवसणींत उभा असतो आणि अजूनही ती रोज सकाळीं तो छेडते. तिनें चष्मा लावला, तडकलेल्या पट्टीवरून बोट फिरविलें आणि म्हणाली, "अरे, ही तर अटी! तारेची बैठकच मोडली, तर खुंटी पिळून स्वर कसा लागणार?"

आईचें निदान अचूक होतें. तंबोऱ्याची तार खालीं घोडीवर व वर अटीवर टेकते आणि या दोहोंमधील तिची लांबीच काय ती बोलते. गिटारच्या अटीला तिकडे नट म्हणतात. भेद इतकाच कीं, तंबोऱ्याची तार नेहमीं मोकळीच वाजते, म्हणून तेथें अटीला विसांवा नाहीं. गिटारमध्यें मात्र पडद्यावर बोट ठेवतांच तारेची बोलती लांबी त्या पडद्यापासून सुरू होते आणि नट बाजूला पडते. यांतच दोष ओळखण्याची खूण आहे. मोकळी तार भणभणते किंवा खरखरते, पण बोट ठेवतांच तीच तार स्वच्छ बोलते, असें असेल तर दोष बहुधा नटचाच. तार पिळतांना मध्येंच 'टण्' असा आवाज होऊन स्वर एकदम उडी मारीत असेल, तर ती खांचेंत अडकते आहे असें समजावें.

ही पट्टी तडकते तरी कां? साधारण प्रतीच्या वाद्यांत ती प्लास्टिकची व पुष्कळदां आंतून पोकळ असते. सहा तारांची एकत्र ओढ सुमारें ४५ किलो, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या वजनाइतकी! ती अहोरात्र चालूच असते. त्यांत आमचा खानदेशचा उन्हाळा! बाहेर पारा ४५ अंशांवर आणि घरांत कूलरची ओल, अशा ओढाताणींत लांकूड आकसतें व फुगतें. वाद्य कूलरच्या झोतांत किंवा उन्हाच्या भिंतीस टेकून कधींही ठेवूं नये. आपटणें हें शेवटचें निमित्त असतें.

आतां प्रत्यक्ष दुरुस्ती. प्रथम ध्वनिवर्धकाची तार काढून वाद्य विजेपासून वेगळें करावें. तारा क्रमानें, थोड्याथोड्या सैल कराव्या. ताणलेली तार कधींही कापूं नये. तारांखालच्या चुंबकांवर कागद चिकटवावा, नाहीं तर लोखंडाचा कीस तेथें जाऊन बसतो.

केवळ एखादी खांच झिजून खोल गेली असेल, तर हाडाची बारीक पूड व क्षणांत चिकटणारा गोंद यांनीं ती भरून, वाळल्यावर पुन्हां कोरतां येते. काम मोकळ्या हवेंत करावें व डोळे जपावे. पण आमच्याप्रमाणें पट्टीच फुटली असेल, तर जोडलेला तुकडा फार दिवस टिकत नाहीं. ती बदलणेंच बरें.

जुनी पट्टी काढतांना घाई करूं नये. तिच्या कडेनें धारदार पात्यानें रोगणावर रेघ ओढावी, म्हणजे रोगणाचे टवके उडत नाहींत. पट्टी पडद्यांच्या फळीच्या टोकाशीं नुसती टेकून बसविलेली असेल, तर पडद्यांच्या बाजूनें लांकडी ठोकळा लावून हलकेच ठोकल्यास ती सुटते. दोन्ही बाजूंनीं लांकडाच्या खांचेंत बसविलेली असेल, तर ती टोंकाकडून आडवी सरकवावी लागते. खांचेंतला जुना सरस खरवडून काढावा, मात्र लांकूड खरवडूं नये. कांहीं वाद्यांत तारा स्क्रूनें आवळणारी धातूची पट्टी असते. तेथें ही रीत लागू नाहीं.

मोडक्या पट्टीचे तुकडे मीं जुळवून ठेवले व पट्टीनें मापें घेऊं लागलों. दुकानांत दोन प्रकार मिळाले, एक कृत्रिम व एक हाडाचा. हाडाचा प्रकार टणक, आवाजाला चांगला आणि टिकाऊ. पण आमच्या वहिनींनीं हळूच विचारलें, "हाड? आणि तें देवघरापाशीं वाजवायचें?" आई हंसली. म्हणाली, "माझ्या तंबोऱ्याची अटी कशाची आहे? पूर्वीं हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरीत. हस्तिदंत आतां कायद्यानें बंद झालें, तें योग्यच झालें. पण चाळीस वर्षें या हाडावरून षड्ज निघतो आहे आणि देवांनीं तो ऐकला आहे." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत; पण हाडाची पट्टी घरांत आली. ज्यांना हाड नकोच असेल, त्यांनीं कठीण कृत्रिम पट्टी घ्यावी; तिनेंही काम होतें.

मिरजेचा विषय निघालाच म्हणून सांगतों. तेथील शिकलगार घराणीं मूळ शस्त्रांना धार लावणारीं. एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांचे दिवस सरल्यावर त्यांनीं तेच हात तंबोऱ्या-सतारींकडे वळविले, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. मिरजेस राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब, ज्यांचें १९३७ सालीं निधन झालें, एवढे थोर गवई; पण तंबोऱ्याची जव्हारी स्वतःच्या हातानें काढण्यांत त्यांना कमीपणा वाटत नसे.

दादांच्या 'परदेशी' या आक्षेपासही आईनेंच उत्तर दिलें. बालगंधर्वांनीं लहानपणीं याच जळगांवांत मेहबूबखाँपाशीं गाण्याचे धडे घेतले. पुढें त्यांच्या नाटकांत साथीला ऑर्गन वाजे, तो कोठला? आणि जिचा दादांना एवढा अभिमान, ती पेटी तरी कोठली? तीही युरोपांतूनच आलेली. नभोवाणीनें १९४० सालीं तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ मध्यें, तीही अंशतःच, उठली. "तीस वर्षें पेटी परकी होती, आज ती घरची झाली. या पोराच्या वाद्याला निदान चार वर्षें तरी द्याल?" असें आईनें विचारलें, तेव्हां दादा वर्तमानपत्रामागें गेले.

चौथ्या दिवशीं संध्याकाळीं मी व पुतण्या नवी पट्टी बसवावयास बसलों. ती किंचित् उंच होती. काचेच्या तुकड्यावर काचकागद ठेवून तिचा तळ घासावयाचा. वरच्या खांचांना हात लावावयाचा नाहीं, आणि तळ तिरपा होऊं द्यावयाचा नाहीं. मीं पट्टीनें माप घेतों आहें हें पाहून मागून आवाज आला, "अशीं मापें घेतात होय?" दादा! निवृत्तीपूर्वीं ते विज्ञानशिक्षक होते. त्यांनीं कपाटांतून आपलें वर्निअर कॅलिपर आणलें, मोडक्या पट्टीची उंची दोन्ही टोंकांस मोजली आणि आंकडे कागदावर लिहून दिले. पुढचा अर्धा तास घासणें व मोजणें आळीपाळीनें चाललें. मापें सांगण्यापलीकडे कोणी अवाक्षर काढलें नाहीं.

उंचीची अखेरची परीक्षा अशी. तार दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांमध्यें दाबून पहिल्या पडद्यावर डोळा लावावा. तार व पडदा यांत पातळ कागदाएवढी फट हवी. ती अधिक असेल, तर बोटें दुखतात व पहिल्या पडद्याचा स्वर चढा लागतो. मुळींच नसेल, तर मोकळी तार भणभणते आणि पट्टीखालीं पातळ कागद घालून ती उचलावी लागते. सुताराच्या पांढऱ्या सरसाचे दोन थेंब पुरेत. पुढें कधीं पट्टी काढावी लागली, तर लांकूड उखडतां कामा नये. खांचांत शिसपेन्सिलीचें टोंक फिरवावें, म्हणजे तार अडकत नाहीं. मग तारा हळूहळू चढवाव्या.

मुलगा वेळेवर धुळ्यास गेला आणि संमेलनांत वाजवून आला. दादांना तें वाद्य आवडूं लागलें, असें मी म्हणणार नाहीं. पण या खेपेस निघतांना त्यांनीं जाड अस्तराची, टणक पुठ्ठ्याची पेटी स्वतः करवून घेतली आणि "आपटूं नकोस" एवढेंच सांगितलें. मोडक्या पट्टीचे तुकडे अजून त्यांच्या कॅलिपरशेजारीं कपाटांत आहेत. मापाचा कागदही आहे. पुन्हां प्रसंग आलाच, तर घरांत शोधाशोध नको.