अचानक आलेला भ्रम आणि औषधांचा डबा

घरातील ज्येष्ठ व्यक्ती कालपर्यंत नीट बोलत होती. आज मात्र दिवस की रात्र हे तिला उमगत नाही, भिंतीवर मुंग्या दिसतात, ती पांघरुणाचे धागे वेचत बसते. अशा वेळी ‘आता वयच झाले’ असे म्हणून आपण मनाची समजूत घालतो. वाचकहो, वय असे एका रात्रीत होत नाही. स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उद्भवणारा, दिवसभरात कमी-जास्त होणारा भ्रम म्हणजे डिलिरियम. जुनी माणसे त्याला ‘वात झाला’ म्हणत. त्याचे कारण कित्येकदा घरातील औषधांच्या डब्यातच सापडते.

लक्ष व स्मृती यांसाठी मेंदूला अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन लागते. त्याचे कार्य अडवणाऱ्या औषधांना अँटिकोलिनर्जिक म्हणतात. धोतऱ्याचे बी पोटात गेले की माणूस बरळू लागतो, तो त्यातील अ‍ॅट्रोपीन व स्कोपोलामीन यांच्या याच क्रियेमुळे.

ही औषधे नित्याच्या ओळखीची आहेत. सर्दी-खोकल्याच्या औषधांतील क्लोरफेनिरामीन व डायफेनहायड्रामीन, खाजेवरील हायड्रॉक्सिझीन, पोटाच्या कळेवरील डायसायक्लोमीन, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिले जाणारे ऑक्सिब्युटिनीन, नैराश्य व नसांच्या वेदनांसाठीचे अमिट्रिप्टिलीन, कंपावरील ट्रायहेक्सिफेनिडिल ही त्यांपैकी काही. एकेक गोळी कदाचित निभावून जाते. पण तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या तीन गोळ्यांचा भार एकाच मेंदूवर पडतो. वार्धक्यात यकृत व मूत्रपिंडे औषधाचा निचरा सावकाश करतात आणि मेंदूची राखीव शक्तीही घटलेली असते. स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल घेणाऱ्या रुग्णाला ऑक्सिब्युटिनीन दिल्यास एक औषध अ‍ॅसिटिलकोलीन वाढवते, तर दुसरे त्याचीच वाट अडवते.

भ्रमासोबत तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, लघवी अडणे, अंधुक दिसणे, छातीत धडधडणे अशी चिन्हे असल्यास औषधाचा संशय बळावतो. मात्र प्रत्येक रुग्ण आरडाओरडा करतोच असे नाही. काही जण नुसतेच गप्प व सुस्त होतात, आणि त्यांच्याकडे सर्वांचे दुर्लक्ष होते.

अचानक आलेला भ्रम हा तातडीचा प्रसंग समजावा व रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी, सोडियम वा साखर कमी होणे ही कारणेही असू शकतात. त्यांची तपासणी डॉक्टरच करतील. जाताना घरातील सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत. दुकानातून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब आणि काढे यांसह. गेल्या दोन आठवड्यांत कोणते औषध नव्याने सुरू झाले, कोणत्याची मात्रा वाढली, हे कागदावर लिहून द्यावे. नेहमीची गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. काही औषधे टप्प्याटप्प्यानेच कमी करावी लागतात.

डॉक्टरांना एक प्रश्न मात्र निःसंकोच विचारावा: “यांतील कोणते औषध कमी करता येईल, किंवा त्याऐवजी दुसरे देता येईल?” सर्दी वा खाजेसाठी फेक्सोफेनाडिनसारखी, मेंदूवर कमी परिणाम करणारी औषधे पुष्कळदा चालतात. कारणीभूत औषध थांबले की भ्रम बहुधा ओसरतो. मात्र वृद्धांत त्याला काही दिवस, क्वचित काही आठवडेही लागतात. तोवर खोलीत उजेड ठेवावा, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी असू द्यावे, आणि ओळखीच्या आवाजात शांतपणे बोलत राहावे.