आधी हात लागतो, अहवाल मागून येतो

२८ मार्च २०२० रोजी बुलडाण्याच्या सरकारी रुग्णालयात एक रुग्ण दगावला. त्याला कोरोना होता, हे अहवालातून कळलं दुसऱ्या दिवशी. त्याआधी ज्यांनी त्याला उचललं, खाटेवर निजवलं, त्यांना आपण कशाला हात लावतोय याची खात्री असणं शक्यच नव्हतं.

जिल्ह्याच्या रस्त्यांवर हेच घडत असतं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर पिंपळखुट्याजवळ खासगी बस पेटली, २५ प्रवासी गेले. २९ जुलैला मलकापूरजवळ दोन बस धडकल्या, आणखी सहा गेले. अशा जागी आधी पोचतात ते १०८ रुग्णवाहिकेचे डॉक्टर आणि पायलट म्हणजे चालक, पोलीस, अग्निशमनचे जवान, शेजारच्या गावातली पोरं. अंधारात चिरलेला पत्रा चाचपताना हातमोजा फाटतो, काच रुतते. समोरच्याला कोणता आजार आहे हे विचारायला सवड नसते.

लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर शंभरात ६ ते ३० जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण हजारात तीन. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो, म्हणजे स्ट्रेचरच्या पट्ट्यावरचा चार दिवसांपूर्वीचा डागही घातकच. यावर लस आहे, सहा महिन्यांत तीन इंजेक्शनं. पण बाळांच्या लसीकरणात ती देशभर आली २०११ मध्ये, आणि आज रुग्णवाहिका चालवणारे त्याच्या कितीतरी आधी जन्मलेले.

ही लस म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हा कचरा हाताळणाऱ्यांना ती देणं बंधनकारक केलं. एचआयव्ही कायदा २०१७ चा, त्याचं कलम १९ आणखी पुढे जातं: जिथे लागणीचा मोठा धोका आहे अशा प्रत्येक आस्थापनेनं संरक्षक साधनं, प्रशिक्षण आणि संपर्कानंतरचं औषध पुरवलंच पाहिजे. हे औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं.

अमेरिकेत रुग्णाला क्षयासारखा हवेतून पसरणारा रोग निघाला, तर त्याला आणणाऱ्या पथकाला ४८ तासांच्या आत कळवणं रुग्णालयावर कायद्यानं बंधनकारक आहे. रुग्णाचं नाव सांगितलं जात नाही, सावध मात्र केलं जातं. आपल्याकडेही दाखल करताना पथकाचा क्रमांक केसपेपरवर लिहिला, तर एका फोनचं काम आहे.

तेव्हा जिल्हा प्रशासनानं जाहीर करावं: रुग्णवाहिका, पोलीस आणि अग्निशमन दलातल्या किती जणांची तिन्ही इंजेक्शनं पूर्ण झाली? मेहकरजवळ रात्री दोन वाजता एखाद्याच्या हातात काच रुतली, तर त्याला पहिली गोळी कोणत्या दवाखान्यात, कोणत्या खोलीत मिळेल? त्या खोलीचा पत्ता आणि फोन क्रमांक प्रत्येक रुग्णवाहिकेच्या दारावर आतून, मोठ्या अक्षरांत रंगवलेला हवा.