मोठा टीव्ही घेताय? डोळ्यांची भीती सोडा, आधी भिंत मोजा

दसरा-दिवाळी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, यंदा ५५ इंची टीव्ही घ्यायचा विचार आहे. एवढ्या मोठ्या पडद्याने मुलांचे डोळे खराब नाही ना होणार?" २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आता तीस-चाळीस हजारांत बऱ्यापैकी ५५ इंची टीव्ही मिळतो, त्यामुळे हा प्रश्न अजूनच वाढला आहे.

माझं मत सरळ आहे. जागा असेल तर मोठा घ्या. स्वस्तातला घेतलात तरी चालेल. त्रास होतो तो टीव्ही मोठा असल्यामुळे नव्हे, तो कुठे आणि किती उंचीवर लावला यामुळे.

"टीव्हीपासून लांब बस, डोळे जातील" हे आपण सगळ्यांनी आईकडून ऐकलेलं आहे. या भीतीमागे एक खरी गोष्टही आहे. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत टीव्हींमधून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं आढळलं आणि ते संच दुरुस्तीसाठी परत घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी तिथे याबाबत कायदा झाला. पण ते सगळे पिक्चर ट्यूबचे, डब्यासारखे टीव्ही होते. आजच्या सपाट टीव्हीत ती ट्यूबच नसते, म्हणून क्ष-किरणांचा प्रश्नही उरत नाही. टीव्ही बदलला, आपली भीती मात्र तीच राहिली.

आता डोळ्याचं गणित पाहू. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातला छोटा स्नायू भिंगाला आकार देतो. वस्तू जितकी जवळ, तितकं त्याचं काम जास्त. आठ फुटांवरच्या टीव्हीसाठी त्याला जेवढा जोर लावावा लागतो, त्याच्या सुमारे दहापट जोर २५ सेंटीमीटरवर धरलेल्या मोबाइलसाठी लागतो. म्हणजे नातवाच्या हातातला मोबाइल काढून त्याला तेच कार्टून भिंतीवरच्या टीव्हीवर लावून दिलंत, तर डोळ्यांचं भलंच होईल. (कार्टून किती वेळ पाहायचं हा वेगळा प्रश्न. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. पडदा मोठा आहे म्हणून यात सूट नाही.)

एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. मूल वारंवार टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभं राहत असेल, डोळे बारीक करून किंवा मान तिरकी करून पाहत असेल, तर टीव्हीला दोष देण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. पुष्कळदा मूल जवळ बसल्यामुळे नंबर लागलेला नसतो. नंबर आधीच असतो, म्हणून ते जवळ जातं. लहान मुलाला आपल्याला धूसर दिसतंय हे कळत नाही, सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. मोठ्या पडद्यामुळे हे उलट लपूही शकतं, कारण लांबूनही चित्र समजतं. म्हणून शाळेत जाण्याच्या वयात एकदा तपासणी कराच. आणि रोज दीड-दोन तास मुलांना उन्हा-उजेडात खेळू द्या. नंबर लागू नये किंवा उशिरा लागावा यासाठी आज आपल्याकडे असलेला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

घरातल्या ज्येष्ठांसाठी तर मोठा पडदा वरदानच. मोतीबिंदू पिकत आलेला किंवा दृष्टिपटल झिजलेलं असेल तर ३२ इंची टीव्हीवरची माणसं त्यांना नुसती हलताना दिसतात. मोठ्या पडद्यावर चेहरे ओळखता येतात, खालची अक्षरं वाचता येतात. त्यांचा टीव्ही काळोखात लावू नका, झगझगाट होतो. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला एखादा मंद दिवा ठेवा.

किती मोठा घ्यायचा? दुकानात जाण्याआधी टेप घ्या आणि तुम्ही जिथे बसता तिथे तुमच्या डोळ्यांपासून भिंतीपर्यंतचं अंतर इंचात मोजा. त्याला १.६ ने भागा. जो आकडा येईल तेवढ्या इंचांचा टीव्ही आरामात पाहता येतो. अंतर साडेपाच-सहा फूट असेल तर ४३ इंची, साडेसात फूट असेल तर ५५ इंची, पावणेनऊ फूट असेल तर ६५ इंची. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ५५ पुरतो. एक-दोन फूट मागे-पुढे झालं तर काही बिघडत नाही, फार जवळ असेल तर मान इकडून तिकडे फिरवावी लागते, एवढंच. ५५ इंची टीव्ही चार फूट रुंद असतो, शोकेसमध्ये मावतो का तेही पाहून घ्या.

दुकानात "आय केअर", "ब्ल्यू लाइट प्रोटेक्शन" असे शब्द ऐकू येतील. त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याचा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संस्थाही स्पष्ट सांगते. झोप जाते ती बहुतेक वेळा रात्री साडेबारापर्यंत वेबसिरीज पाहिल्यामुळे. (म्हणूनच टीव्ही बेडरूममध्ये नको.) ८के साठीही पैसे घालवू नका. साध्या फुल एचडीचे ठिपकेसुद्धा ५५ इंची पडद्यावर सात फुटांपलीकडून चांगल्या नजरेच्या माणसाला वेगळे दिसत नाहीत.

त्याऐवजी दुकानात दोन गोष्टी करून पाहा. एक, टीव्हीच्या बाजूला जाऊन उभे राहा. तुमच्या घरी आजी दिवाणावर एका कडेला बसत असतील, तर त्यांना रंग फिके पडलेले दिसतात का ते कळेल. दोन, टीव्हीचा उजेड कमी करायला सांगा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पडद्याचं चित्रण करा. काळे पट्टे जोरात सरकताना दिसले तर तो पडदा आपल्याला न कळेल इतक्या वेगाने लुकलुकतोय. बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांनी दुसरा पाहावा.

वाचलेले पैसे आवाजावर खर्च करा. टीव्ही जितका पातळ, तितके त्याचे स्पीकर लहान, आणि ते बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. वयानुसार आधी ऐकू येईनासे होतात ते बारीक, उंच आवाज. त्यामुळे स, श, फ, थ अशी अक्षरं निसटतात. "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" ही तक्रार त्यामुळेच. मग आबा आवाज चाळीसवर नेतात, सूनबाई वीसवर आणतात आणि घरात धुसफूस सुरू होते. एक साधा साउंडबार किंवा आबांपुरता हेडफोन घ्या. तरीही आवाज वाढतच राहिला तर कानांची तपासणी करून घ्या.

आता उंची. आपल्याकडे टीव्ही फोटोफ्रेमसारखा लावतात, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. पाहतो मात्र बसून. रोज दोन-तीन तास मान मागे टाकून पाहिलं की मानेचे सांधे आणि स्नायू कुरकुरणारच, आणि आधीच स्पॉन्डिलोसिस असेल तर दुखणं वाढतं. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर हवा. ५५ इंचीची खालची कड सव्वादोन-अडीच फुटांवर येईल. बसवायला आलेला माणूस "साहेब, फार खाली दिसेल" म्हणेल. त्याचं ऐकू नका. तुम्ही सोफ्यावर बसा, त्याला टीव्ही धरायला लावा आणि मगच खूण करू द्या. प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांनी आडवं पडून टीव्ही पाहू नये. तेव्हा आपण काचेच्या खालच्या, वाचण्याच्या भागातून पाहतो आणि चित्र धूसर दिसतं. बिचाऱ्या टीव्हीचा त्यात काही दोष नसतो.

घरात कुणाला फिट येत असतील तर खोलीत दिवा चालू ठेवा आणि लांब बसवा. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटानंतर सहाशेहून अधिक जणांना, बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं होतं. पडद्यावर असा लखलखाट सुरू झाला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून नजर फिरवायला शिकवून ठेवा. नुसते डोळे मिटून भागत नाही.

आणि घरात रांगणारं किंवा नुकतंच चालायला लागलेलं मूल असेल, तर टीव्ही टेबलावर ठेवू नका. ५५ इंची टीव्ही बारा-पंधरा किलोंचा असतो, दोन बारक्या पायांवर उभा असतो आणि समोरून ओढला की मुलाच्या डोक्यावर येतो. भिंतीवर लावता येत नसेल तर मागून पट्टा घालून तो भिंतीला बांधा. लावत असाल तर बसवणाऱ्याला भिंत विटांची आहे की सिपोरेक्स ब्लॉकची हे आधी सांगा, कारण ब्लॉकच्या भिंतीला वेगळे फास्टनर लागतात. आणि रिमोट टीव्हीच्या वर किंवा मागे ठेवू नका. तो घेण्यासाठी मूल खालच्या ड्रॉवरवर पाय ठेवून चढतं.