हळद वाचली ती छापील कागदामुळे

जखमेवर हळद लावायला आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तरी १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट मिळालं. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा ठरत नसे. छापील मजकूर लागे. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने तो शोधून मांडला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पुढे पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयात आयुर्वेदाबरोबर युनानी ग्रंथही नोंदवले गेले.

आपला कायदा तोंडी ज्ञानही मानतो, पण ते सिद्ध करणार कोण? काष्टीच्या जनावरांच्या बाजारातल्या जाणत्यांचे गुरांवरचे उपाय तारखेनिशी छापून ठेवायला हवेत. छापलं तर लोक चोरतील, ही भीती उलटी आहे. आधी छापलेल्यावर पेटंट टिकत नाही.